धागा: २४ व्होल्ट सोलर ठिबक कंट्रोलर आणि ३०० मीटर आरएस-४८५ केबल, टीव्हीएस डायोड नेमका कोणता?

ठिबक_कंट्रोल

सर्किट असं आहे. २४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी बँक, तिच्यावर सोलर चार्जर. बॅटरीपासून बोर्डापर्यंत ४० मीटर उघड्यावरची वायर. बोर्डावर एलएम२५९६ रेग्युलेटरने ५ व्होल्ट, मायक्रोकंट्रोलर आणि आरएस-४८५ (लांब पल्ल्याची दोन तारांची डेटा लाइन) चालवणारी मॅक्स४८५ चिप. विहिरीतल्या पातळी-सेन्सरपर्यंत ३०० मीटर ट्विस्टेड जोडी, ९६०० बॉड. वॉल्व्हच्या कॉइल २४ व्होल्टच्या, आयआरएलझेड४४एन मॉस्फेट स्विचवर, प्रत्येकीला १एन४००७ डायोड. बोर्ड स्वतः २०० मिलिअँपिअरच्या आत खातो.

वळवाच्या गडगडाटानंतर दोनच भाग जळतात, एलएम२५९६ आणि मॅक्स४८५. सप्लायवर पी६केई२४ए आणि ए-बी लाइनींवर (४८५ च्या दोन तारा) एसएम७१२ हे टीव्हीएस डायोड, म्हणजे झटक्याचा जादा व्होल्टेज स्वतःतून वळवून मागचं सर्किट वाचवणारे, लावायचा विचार आहे. निवड बरोबर आहे का? ३६ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरणारा साधा डायोड) का चालत नाही, हेही सांगा.

ओहमचा_नियम

पी६केई२४ए अजिबात लावू नका, बॅटरी जोडताक्षणी तापेल. या चुकीत पुष्कळ जण फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एसएमएजे, एसएमबीजे, एसएमसीजे या मालिकांत नावातला आकडा स्टँड-ऑफ व्होल्टेजचा असतो. तेवढा व्होल्टेज कायम असला तरी डायोड झोपलेला राहतो. पी६केई, १.५केई आणि पी६एसएमबी या मालिकांत तो आकडा ब्रेकडाउनचा, म्हणजे डायोड वाहू लागतो त्या व्होल्टेजचा असतो. पी६केई२४ए चं ब्रेकडाउन २२.८ ते २५.२ व्होल्ट आणि स्टँड-ऑफ फक्त २०.५. तुमची बॅटरी निवांत पडलेली असतानाही २५ च्या वर असते. दोन्हींच्या नावात २४, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक.

आता बॅटरीचा खरा कमाल आकडा काढा. २४ व्होल्ट हे नुसतं नाव आहे. फ्लोटला (भरलेली टिकवताना) साधारण २७.६, अ‍ॅब्सॉर्प्शनला (भरत आल्यावर) २८.८, इक्वलाइझ (मुद्दाम जादा चार्ज) करणारा चार्जर असेल तर आणखी थोडं वर. एसएमबीजे२४ए चं ब्रेकडाउन २६.७ पासून सुरू होतं, म्हणजे रोज दुपारी बॅटरी भरत आली की तोही गळायला लागेल. इथे एसएमबीजे३०ए हवा: ब्रेकडाउन ३३.३ ते ३६.८.

त्याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते. एसएमबीजे३०ए चं क्लॅम्पिंग, म्हणजे झटक्यात डायोडवर उरणारा व्होल्टेज, १२.४ अँपिअरला ४८.४ व्होल्ट, आणि एलएम२५९६ ची सहनशक्ती कमाल ४५. म्हणजे डायोड वाचेल, चिप जाईल. डायोड एकटा निवडता येत नाही तो असा. खाली बॅटरीचा कमाल व्होल्टेज, वर मागच्या चिपची मर्यादा, आणि मधल्या फटीत डायोडचं ब्रेकडाउन व क्लॅम्पिंग दोन्ही बसली पाहिजेत. तुमची फट २९ ते ४५ एवढीच आहे आणि तीत कुठलाच एसएमबीजे नीट बसत नाही. डायोड बदलत बसू नका, रेग्युलेटर बदला. एलएम२५९६एचव्ही ६० व्होल्टपर्यंत चालतो, कमाल ६३. खर्च चालत असेल तर एलएम५१६४, तो १०० व्होल्ट इनपुट घेतो आणि १ अँपिअर देतो.

सोल्डरगन

+१. एचव्ही घेताना दोन गोष्टी. स्वस्त मॉड्यूलवर छापलेल्या अक्षरांवर विसंबू नका. खरी एलएम२५९६ १५० किलोहर्ट्झला चालते. आउटपुट पिनवर स्कोप लावल्यावर ५० च्या आसपास दिसलं तर ती बनावट. दुसरं, त्या मॉड्यूलवरचा इनपुट कॅपॅसिटर बहुतेक वेळा ३५ किंवा ५० व्होल्टचा असतो. चिप एचव्ही घालून कॅपॅसिटर ३५ चाच ठेवला तर उपयोग शून्य. २२० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट घाला.

झेनरचं उत्तर छोटं आहे. १एन४७५३ए हा ३६ व्होल्ट, १ वॉटचा. आतला सिलिकॉनचा तुकडा लहान, जंक्शन नियमनासाठी बनवलेलं, झटक्यासाठी नाही. एसएमबीजे १०/१००० मायक्रोसेकंदाच्या (पहिला आकडा चढायचा वेळ, दुसरा निम्म्यावर उतरायचा) झटक्यात ६०० वॉट पेलतो. झेनर आधीच शॉर्ट होतो किंवा तडकून उघडा पडतो. उघडा पडला तर सर्किट चालूच राहतं आणि संरक्षण गेल्याचं कळतही नाही.

मिलिव्होल्ट

ओहमचा_नियम, तुमचे ४८.४ व्होल्ट १२.४ अँपिअरचे आहेत. ४० मीटर उघड्या वायरीवर तेवढाच प्रवाह येईल हे कुणी ठरवलं? आधी झटका मोजू.

आयईसी ६१०००-४-५ या झटका-चाचणीच्या मानकातला जनरेटर उघड्या टोकाला १.२/५० मायक्रोसेकंदाचा व्होल्टेज देतो, शॉर्ट केला तर ८/२० चा प्रवाह. सप्लायच्या दोन तारांमध्ये त्याचा आतला रोध २ ओहम, तार ते जमीन १२ ओहम, साध्या सिग्नल लाइनींना ४२ ओहम. १ किलोव्होल्टची पातळी धरली तरी तारांमध्ये १००० वजा ५० भागिले २, म्हणजे पावणेपाचशे अँपिअर. एसएमबीजे३०ए ची ८/२० ची मर्यादा साठेक अँपिअर. एकटा डायोड तिथे टिकणार नाही.

म्हणून दोन पायऱ्या कराव्या लागतात. पुढे एमओव्ही (व्होल्टेज वाढला की मोठा प्रवाह गिळणारा रोध), मध्ये अडथळा, मागे टीव्हीएस. एमओव्ही १४डी४७०के घ्या. डीसी मर्यादा ३८ व्होल्ट, त्यामुळे २८.८ ला तो शांत राहतो. ८/२० मध्ये १००० अँपिअरपर्यंत घेतो. पण त्याचं क्लॅम्पिंग १० अँपिअरलाच ९३ व्होल्ट असतं, शेकडो अँपिअरला हिशोबासाठी १५० धरा. १५० आणि टीव्हीएसचे पन्नास-पंचावन्न यांच्यातला फरक कुणीतरी खायला हवा, नाहीतर टीव्हीएस आधी पेटतो, सगळा प्रवाह तोच ओढतो आणि एमओव्ही बघत बसतो.

इथे बरेच जण १० मायक्रोहेन्रीची कॉइल टाकतात. १०० व्होल्टचा फरक, २० मायक्रोसेकंद, १० मायक्रोहेन्री: प्रवाह २०० अँपिअरपर्यंत चढतो. काहीच अडलं नाही. १०० मायक्रोहेन्री कागदावर पुरते, पण तिचं फेराइट सॅच्युरेट झालं (चुंबकत्वाने भरून गेलं) की ती नुसती तार. बोर्ड २०० मिलिअँपिअरच खातो ना? मग सरळ रेझिस्टर घाला. एसएमबीजे३०ए चा ८/२० मधला उतार (अँपिअरमागे किती व्होल्ट वाढतात) काढायला एसटीचं डेटाशीट उघडा. त्यात ८/२० चा वेगळा रकाना आहे, ६२ अँपिअरला सुमारे ६४ व्होल्ट. म्हणजे (६४ − ३६.८) भागिले ६२, साधारण ०.४४ ओहम.

२.२ ओहम घातला तर प्रवाह ४२-४३ अँपिअर, क्लॅम्पिंग ५५ व्होल्ट. ३.३ ओहम घातला तर ३० अँपिअर, ५० व्होल्ट. एलएम२५९६एचव्हीला ५० आवडेल, ५५ जेमतेम. रोजच्या वापरात ३.३ ओहमवर ०.६६ व्होल्ट पडतात, २४ मध्ये ते कुणाला जाणवतही नाहीत. रेझिस्टर वायरवाउंड हवा, ३ वॉटचा पांढरा सिमेंटचा चालेल. ३० अँपिअरला क्षणभर ३ किलोवॉट होतात, ०८०५ मापाचा बारीक चिप रेझिस्टर त्यात उडून जातो.

ठिबक_कंट्रोल

वॉल्व्हच्या कॉइलसाठी अँपिअरभर लागतो. ३.३ ओहममधून तो कसा जाईल?

मिलिव्होल्ट

जाऊ द्यायचाच नाही. एमओव्हीनंतर दोन फाटे करा. वॉल्व्हचा फाटा सरळ, इलेक्ट्रॉनिक्सचा ३.३ ओहममधून. वॉल्व्हच्या फाट्यावर वेगळा एसएमबीजे लावू नका, रेझिस्टर नसल्यामुळे तोच आधी मरेल.

कॅपॅसिटरकाका

मंडळी, फ्यूज कुणीच काढला नाही! टीव्हीएस आणि एमओव्ही दोन्ही मरताना बहुधा शॉर्ट होतात. मागे बॅटरी बँक आहे, ती शेकडो अँपिअर देईल आणि बोर्डाला आग लागेल. म्हणून फ्यूज सगळ्यांच्या आधी, कनेक्टरला लागून.

पण १ अँपिअरचा फ्यूज घातला तर प्रत्येक झटक्याला तोच जाईल. ८/२० झटक्याचा आय-वर्ग-टी (प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ, फ्यूज यानेच वितळतो) ढोबळमानाने शिखराचा वर्ग गुणिले १४ मायक्रोसेकंद. ४८० अँपिअरला तो ३ च्या पुढे जातो. फ्यूजच्या डेटाशीटमध्ये वितळण्याचा आय-वर्ग-टी बघा आणि याच्या तिप्पट तरी ठेवा, म्हणजे १० च्या वर. ३ अँपिअरच्या स्लो-ब्लो (सावकाश उडणाऱ्या) फ्यूजपासून शोधायला सुरुवात करा. रेटिंग अँपिअरचं एकच असलं तरी फास्ट आणि स्लो यांच्या या आकड्यात मोठा फरक असतो.

आणखी एक. शेतावर बॅटरीच्या वायरी उलट लागतात, हे गृहीतच धरा. पुढे एकदिशा डायोड असेल तर उलट जोडणीत तो नुसत्या ०.७ व्होल्टला पेटतो आणि दर वेळी फ्यूज जातो. त्याऐवजी एसएमबीजे३०सीए, म्हणजे द्विदिशा, आणि त्याच्या मागे उलटा प्रवाह अडवायला मालिकेत शॉटकी डायोड.

शॉटकी कुठला यावर गंमत आहे. ऋण झटक्यात टीव्हीएसच्या टोकाला उणे ५० व्होल्ट, आणि मागचा २२० मायक्रोफॅरड अधिक २८.८ वर भरलेला. शॉटकीवर उलटा व्होल्टेज ७९. एसएस३६ हा ६० चा, तो जाईल. एसएस३१० हा १०० चा, तो टिकेल. लोक ‘२४ व्होल्टला ६० पुष्कळ’ म्हणतात ना, तिथेच फसतात.

फेझन्यूट्रल

चार्जरचं एक विसरलात. चालू उन्हात बॅटरीची वायर सुटली तर काही चार्जर पॅनलचा व्होल्टेज सरळ पुढे सोडतात. ७२ सेलच्या पॅनलचा उघडा व्होल्टेज ४४-४५ असतो आणि प्रवाह ८ अँपिअरच्या आसपास. डायोड ३६ ला पेटून तो सगळा प्रवाह ओढायला बघेल, म्हणजे ३०० वॉट कायमचे. एसएमबीजेची कायमची क्षमता ५ वॉट. सेकंदात शॉर्ट.

काकांचा फ्यूज आग टाळेल, पण फुटलेला डायोड बदलावाच लागेल. मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी टीव्हीएस. सेकंदांच्या ओव्हरव्होल्टेजला तो कितीही मोठा घेतला तरी पुरत नाही. तिथे व्होल्टेज बघून मॉस्फेट बंद करणारं सर्किट लागतं, एलटीसी४३६४ सारखा सर्ज स्टॉपर किंवा साधा कंपॅरेटर आणि पी-चॅनल मॉस्फेट.

मिलिव्होल्ट

मान्य, पण इथे ३.३ ओहम मध्ये आहे आणि मागे ६० व्होल्टचा रेग्युलेटर आहे. ४५ व्होल्टला (४५ − ३५) भागिले ३.३, म्हणजे ३ अँपिअर, डायोडमध्ये शंभराच्या वर वॉट. तरीही मरतोच. थोडं धाडस चालत असेल तर एसएमबीजे४०सीए आणि १०० व्होल्टचा एलएम५१६४ अशी जोडी करा. ब्रेकडाउन ४४.४ पासून सुरू, पॅनलचा व्होल्टेज जेमतेम शिवतो. डायोड मोठा घेण्यापेक्षा मागचं सर्किट दणकट घेणं इथे स्वस्त पडतं. तेव्हा कॅपॅसिटर १०० व्होल्टचा घ्यायला विसरू नका. शॉटकीवरचा उलटा व्होल्टेजही शंभराला भिडतो, म्हणून तो १५० किंवा २०० चा हवा.

ओहमचा_नियम

आरएस-४८५ कडे वळू. एसएम७१२ हा याच बससाठी (डेटा लाइनीसाठी) केलेला असमान डायोड, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला ७, कारण बसची मान्य पट्टी उणे ७ ते अधिक १२. निवड चुकीची नाही. चूक मॅक्स४८५ ची आहे. तिच्या ए-बी पायांची कमाल मर्यादा उणे ८ ते अधिक १२.५ व्होल्ट. एसएम७१२ चं क्लॅम्पिंग १७ अँपिअरला २६ च्या आसपास. डायोड आपलं काम चोख करतो आणि चिप तरीही मरते.

एसएन६५एचव्हीडी१७८१ घाला. बस पाय उणे-अधिक ७० व्होल्ट सहन करतात, पायांची मांडणी नेहमीचीच, ३.३ आणि ५ दोन्ही व्होल्टला चालते. त्याच मालिकेतली १७८२ मात्र ३० व्होल्टचीच आहे, दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हणून दिली तर घेऊ नका.

सोल्डरगन

३०० मीटर उघड्यावर एसएम७१२ एकटा? केबल आत येते तिथे तीन टोकांची ९० व्होल्टची गॅस ट्यूब (जादा व्होल्टेजला आत ठिणगी पेटून झटका जमिनीला नेणारी) हवी, मग दोन्ही तारांत १० ओहम, मग एसएम७१२.

मिलिव्होल्ट

१० ओहमचा हिशोब करून बघा. ट्यूबवर ९० लिहिलं असलं तरी तो सावकाश चढणाऱ्या व्होल्टेजचा आकडा आहे. मायक्रोसेकंदाला किलोव्होल्ट या वेगाने चढला तर ती ५०० च्या वर गेल्यावर पेटते. ६०० धरू. (६०० − २६) भागिले १०, म्हणजे ५७ अँपिअर. एसएम७१२ ची मर्यादा १७.

सोल्डरगन

पण किती वेळ? ट्यूब मायक्रोसेकंदाच्या आत पेटते. झटक्याची क्षमता साधारण वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. २० ऐवजी १ मायक्रोसेकंद म्हणजे साडेचार पट, १७ चे ७६. ५७ त्यात बसतात.

मिलिव्होल्ट

डायोड बसतो, हे कबूल. पण ५७ अँपिअरला त्याचा व्होल्टेज २६ राहत नाही, ४० ओलांडेल. मॅक्स४८५ ला ते चालणार नाही, एचव्हीडी१७८१ ला चालेल. म्हणजे तुमचे १० ओहम चिपच्या भरवशावर चालतात. ते पल्स-प्रूफ जातीचे किंवा वायरवाउंड घ्या. चिप बदलायचीच नसेल तर १० ओहमच्या जागी टीबीयू, उदाहरणार्थ टीबीयू-सीए०६५-२००. प्रवाह २०० मिलिअँपिअर ओलांडला की मायक्रोसेकंदाच्या आत लाइन तोडतो आणि झटका ओसरला की आपोआप जोडतो. त्याची मर्यादा ६५० व्होल्ट, त्यामुळे ट्यूबचा वेगवान चढाचा आकडा त्याखालीच हवा.

गॅस ट्यूब २४ व्होल्टच्या सप्लायवर मात्र कधीही सरळ टाकू नका. पेटल्यावर तिच्यातली ठिणगी दहा-वीस व्होल्टवरही जळत राहते आणि बॅटरी तिला पोसते. ती विझतच नाही. ४८५ च्या लाइनीत तेवढा कायमचा प्रवाह नसतो, म्हणून तिथे चालते.

फेझन्यूट्रल

या सगळ्यांचं तिसरं टोक जमिनीला जातं, ती जमीन कुठली? विहिरीजवळ १ किलोअँपिअर जमिनीत उतरला आणि तिथलं अर्थिंग १० ओहमचं असेल, तर तिथली ‘जमीन’ १० किलोव्होल्ट उचलली जाते. ३०० मीटरवरच्या बोर्डाची जमीन शून्यावरच. तो फरक केबलमधून वाहतो. डायोड त्याला वाट देतात, थांबवत नाहीत.

म्हणून गॅस ट्यूबचं मधलं टोक बोर्डाच्या ग्राउंडला न जोडता पेटीच्या अर्थ बोल्टला, जाड आणि आखूड तारेने. पेटीत येणाऱ्या सगळ्या केबलींचा अर्थ त्याच एका बोल्टवर. सेन्सर टोकालाही हाच संच लागतो, एकाच टोकाला लावून भागत नाही. एडीएम२५८७ई सारखी आयसोलेटेड (दोन बाजूंत थेट विद्युत जोड नसलेली) चिप घेतली तर एसएम७१२ चं ग्राउंड आयसोलेटेड बाजूच्या ग्राउंडला जोडा, बोर्डाच्या नाही, नाहीतर आयसोलेशन तुम्ही स्वतःच ओलांडलंत.

वीज थेट तारेवर पडली तर यातलं काहीही वाचवत नाही. वळवाच्या दिवसांत केबलचे प्लग काढून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे.

ठिबक_कंट्रोल

मॉस्फेटच्या ड्रेनवर (वॉल्व्हकडच्या पायावर) काही हवं का? आणि पीसीबीवर डायोड कनेक्टरपासून २० मिलिमीटरवर बसतोय, चालेल?

ओहमचा_नियम

ड्रेनवर आलेला धन झटका १एन४००७ मधून २४ व्होल्टच्या रेलवर जातो आणि एमओव्हीवर उतरतो. ऋण झटका मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून. पण एमओव्ही ९३ च्या वर क्लॅम्प करतो आणि आयआरएलझेड४४एन ५५ व्होल्टचा. १०० व्होल्टचा, ५ व्होल्ट गेटवर पूर्ण उघडणारा मॉस्फेट घ्या आणि वॉल्व्हची केबल लांब असेल तर प्रत्येक ड्रेनवर एक एसएमबीजे३०ए. १एन४००७ राहू द्या. तो कॉइल सोडायला मिलिसेकंद लावतो, ठिबकच्या वॉल्व्हला त्याने काही बिघडत नाही.

मिलिव्होल्ट

२० मिलिमीटरचं उत्तर कुठला झटका यावर आहे. ट्रॅकचं इंडक्टन्स मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री, म्हणजे २० नॅनोहेन्री. ८/२० चा ५० अँपिअर ८ मायक्रोसेकंदात चढतो, त्यावर पडतात ०.१२५ व्होल्ट. शून्यच समजा. पण ८ किलोव्होल्टच्या स्थिर विजेत ३० अँपिअर ०.८ नॅनोसेकंदात चढतात. तिथे एकेका नॅनोहेन्रीवर ३७ व्होल्ट, वीसवर साडेसातशे! सप्लायला चालेल. ४८५ च्या बाजूला चालणार नाही. तिथे ट्रॅक कनेक्टरकडून आधी डायोडच्या पॅडवर यावा आणि पॅडवरूनच चिपकडे जावा. बाजूला फाटा काढून डायोड टांगू नका, त्या फाट्याचं इंडक्टन्स डायोडच्या मालिकेत येतं. ग्राउंड पॅडला दोन-तीन व्हाया (पीसीबीचे थर जोडणारी भोकं), पॅडला लागूनच.

कॅपॅसिटरकाका

इनपुटला फक्त सिरॅमिक कॅपॅसिटर ठेवू नका. लांब वायर आणि सिरॅमिक मिळून बॅटरी जोडताना व्होल्टेज दुपटीपर्यंत उडतो, २८.८ चे ५७. प्रत्येक जोडणीला टीव्हीएसला फटका. इलेक्ट्रोलिटिकचा आतला रोध ते दाबतो, इथे तो गुण आहे.

उन्हातल्या पेटीचं तापमानही धरा. काही डेटाशीटमध्ये क्षमता २५ अंशापासून सरळ उतरत १५० ला शून्य होते, त्या रेषेवर ७५ अंशाला ६० टक्केच उरते. ३० अँपिअरचा हिशोब ६२ च्या डायोडवर केला म्हणून इथे अजून जागा आहे. नाहीतर त्याच आकड्याचा एसएमसीजे घ्या, १५०० वॉटचा.

ठिबक_कंट्रोल

मग यादी अशी. सप्लाय: ३ अँपिअर स्लो-ब्लो, १४डी४७०के, ३.३ ओहम ३ वॉट, एसएमबीजे३०सीए, एसएस३१०, २२० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट, एलएम२५९६एचव्ही. ४८५, दोन्ही टोकांना: ९० व्होल्टची तीन टोकांची ट्यूब, १० ओहम वायरवाउंड दोन, एसएम७१२, एचव्हीडी१७८१. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतील का?

सोल्डरगन

एसएमबीजे आणि एमओव्ही मिळतील. घेतल्यावर तपासून लावा. ६० व्होल्टचा बेंच सप्लाय, मालिकेत २२ किलोओहम, म्हणजे १ मिलिअँपिअरच्या जवळपास. डायोडवर मीटर: ३३.३ ते ३६.८ च्या आत दिसलं पाहिजे. सीए असेल तर उलटवून पुन्हा मोजा, दोन्ही बाजूंना तेच यावं. एका बाजूला ०.६ दिसला तर तुम्हाला सीएच्या नावाखाली ए दिला आहे. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर चांगला सीए आणि आतून उघडा पडलेला सीए दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे त्या तपासणीवर भागवू नका.

एसएम७१२ ला तीन पाय: १ आणि २ लाइनींना, ३ ग्राउंडला. एसओटी-२३ मध्ये एकटा असलेला पाय तो ३.

फेझन्यूट्रल

यादीत टर्मिनेशन (टोकावरून सिग्नल परत उसळू न देणारा रोध) राहिलं. १२० ओहम केबलच्या दोन्ही टोकांना, पण चिपच्या बाजूला, १० ओहमच्या आत. ट्यूबच्या बाजूला लावला तर पहिल्याच झटक्याला तो जळतो आणि लाइन ‘कधी चालते, कधी नाही’ असं करत राहते.